नौकेवरचा कचरा : बंदर सोडण्यापासून परत लागेपर्यंत

रत्नागिरी, हर्णै, देवगड किंवा मालवण यांसारख्या बंदरातून चार-पाच दिवसांच्या फेरीला निघणाऱ्या यांत्रिक मासेमारी नौकेवर साधारणपणे सहा ते आठ माणसे असतात. या माणसांनी स्वयंपाक करायचा, जेवायचे, झोपायचे, जाळी दुरुस्त करायची, इंजिन सांभाळायचे आणि मासळी निवडून बर्फात घालायची, हे सगळे पंधरा मीटरच्या आसपास लांबीच्या जागेत. घरी कचऱ्याचा डबा भरला तर तो दाराबाहेर नेऊन ठेवता येतो. नौकेवर मात्र दाराबाहेर समुद्रच असतो, आणि त्यामुळे रिकामी पुडी हातात आली की हात विचार न करता कठड्याबाहेर जातो. हा लेख नौकेवर नव्याने कामाला लागलेल्या खलाशांसाठी आहे, पहिलीच नौका घेतलेल्या मालकांसाठी आहे आणि आपल्या नौकेवर शिस्त लावावी असे मनापासून वाटते, पण सुरुवात कुठून करावी हे ज्यांना उमगत नाही, अशा तांडेलांसाठीही, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखांसाठीही, आहे. पर्यटकांना फिरवणाऱ्या किंवा किल्ल्यावर नेणाऱ्या लहान नौकांनाही यातले बरेचसे जसेच्या तसे लागू पडेल.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. कचऱ्याचा प्रश्न समुद्रात गेल्यावर सुटत नाही. तो जेट्टीवर रेशन भरताना सुटतो किंवा तिथेच बिघडतो. जी वस्तू नौकेवर चढलीच नाही तिचा कचरा होत नाही, आणि जी चढली ती परत उतरली की नाही हे मोजता येते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन वाक्यांवर उभ्या आहेत.

नियम नेमका काय आहे

जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठी १९७३ साली झालेला आणि १९७८ साली सुधारलेला ‘मार्पोल’ हा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याचे पाचवे परिशिष्ट फक्त कचऱ्याविषयी आहे. ते ३१ डिसेंबर १९८८ पासून अंमलात आले आणि १ जानेवारी २०१३ पासून त्याची बरीच कडक अशी सुधारित आवृत्ती लागू झाली. हे नियम फक्त मोठ्या मालवाहू जहाजांसाठी आहेत, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. मासेमारी नौका आणि हौशी लोकांच्या लहान नौकाही या परिशिष्टाच्या कक्षेत येतात.

२०१३ पूर्वीच्या नियमांत काय टाकू नये याची यादी होती आणि बाकीचे किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावर टाकता येत असे. सुधारित नियमाने हे उलटे केले. आता काहीही टाकायचे नाही हा नियम आहे आणि थोड्या गोष्टी अपवाद आहेत. प्लास्टिक, मग ते पिशवीच्या रूपात असो, दोराच्या, जाळ्याच्या किंवा प्लास्टिक जाळून उरलेल्या राखेच्या रूपात असो, समुद्रात कुठेही, किनाऱ्यापासून कितीही दूर टाकता येत नाही. काच, पत्र्याचे डबे, कागद, चिंध्या आणि स्वयंपाकाचे तेल यांनाही तीच बंदी आहे. लहान नौकेच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अन्नाचा उरलासुरला भाग: तो २५ मिलिमीटरच्या भोकांतून जाईल इतका बारीक केलेला असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या पलीकडे, आणि तसाच असेल तर १२ सागरी मैलांच्या पलीकडे टाकता येतो, तोही नौका चालू असताना. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, त्यामुळे ही अंतरे अनुक्रमे साडेपाच आणि बावीस किलोमीटरच्या आसपास भरतात. मासेमारीत पकडलेली ताजी मासळी आणि तिचे भाग यांची गणना या परिशिष्टात कचऱ्यात होत नाही.

१२ मीटर किंवा त्याहून अधिक लांबीच्या नौकेवर या नियमांची माहिती देणारा फलक लावणे अपेक्षित आहे आणि तो खलाशी ज्या भाषेत काम करतात त्या भाषेत असला पाहिजे. रत्नागिरीच्या अनेक नौकांवर आज नेपाळहून आणि कर्नाटकातून आलेले खलाशी काम करतात, तेव्हा नुसता मराठी फलक लावून जबाबदारी संपत नाही. मला सर्वांत उपयोगी वाटलेला फलक म्हणजे हाताने काढलेली चित्रे आणि त्याखाली मराठी व हिंदीत दोन-दोन शब्द. तो चुलीजवळ लावावा, कारण केबिनमध्ये तांडेलाशिवाय कोणी फारसे वाचत बसत नाही.

पहिली पायरी : रेशन भरताना

निघण्याच्या आदल्या दिवशी रेशन, बर्फ, डिझेल आणि पाणी भरले जाते. त्याच वेळी अर्धा तास अधिक काढा आणि जे सामान आले आहे ते जेट्टीवरच उघडा. तांदूळ, डाळ, साखर, चहापूड, तिखट, मीठ हे सगळे घट्ट झाकणाच्या डब्यांत ओता आणि पिशव्या, खोकी, वेष्टने बंदरातच सोडा. समुद्रावरच्या दमट हवेत डब्यातला माल जास्त टिकतो, हा वेगळा फायदा. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे परत आणण्यासाठीच न्यायचे आहेत हे भंडाऱ्याला, म्हणजे नौकेवर स्वयंपाक करणाऱ्याला, आधीच सांगून ठेवा.

पिण्याच्या पाण्याचा हिशोब एकदा कागदावर मांडा. माणशी दिवसाला तीन लिटर धरले, तर सात माणसांना पाच दिवसांत १०५ लिटर पाणी लागते. ते एक लिटरच्या बाटल्यांतून नेले, तर तुम्ही १०५ बाटल्या, तेवढीच झाकणे आणि त्यांच्यावरची आवरणे समुद्रात घेऊन जात आहात. तेच पाणी वीस लिटरच्या सहा जारमधून नेले तर परत आणायचे ते सहा जार, जे पुढच्या फेरीला पुन्हा भरायचे आहेत. प्रत्येक खलाशाला नाव लिहिलेली एक स्टीलची बाटली मालकाने घेऊन द्यावी. हा खर्च एकदाच होतो, आणि माझ्या पाहण्यात नौकेवरचा कचरा एवढ्या झटकन कमी करणारा दुसरा उपाय नाही.

राहिल्या पुड्या. तंबाखू, सुपारी, शाम्पू, बिस्किटे यांच्या पुड्या खलाशांच्या पिशवीतून येतात, रेशनच्या यादीतून नव्हे, त्यामुळे त्यांच्यावर कोणाचे लक्ष नसते. त्या हलक्या असतात आणि वाऱ्याने उडतात. तंबाखू सोडा असे उपदेश फेरीच्या सुरुवातीला करून उपयोग होत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला झाकणाची एक छोटी डबी द्या आणि पुडी तिच्यातच गेली पाहिजे असे ठरवा. सिगारेटच्या थोटकांनाही तीच डबी चालते. थोटकातला कापसासारखा दिसणारा भाग कापूस नसून एक प्रकारचे प्लास्टिकच असते, हे पुष्कळ जणांना माहीत नसते.

दुसरी पायरी : जागा आणि माणूस

लहान नौकेवर दहा रंगांचे दहा डबे ठेवता येत नाहीत आणि तसा प्रयत्न करूही नये, कारण पहिल्याच लाटेत ते आडवे होतात. चार गोष्टी पुरतात: अन्नासाठी घट्ट झाकणाची बादली, प्लास्टिकसाठी गोणी, काच-पत्रा यांच्यासाठी जाड भिंतीचा डबा आणि इंजिनघरातल्या तेलकट वस्तूंसाठी वेगळा डबा. गोणीचे तोंड दोरीने आवळता आले पाहिजे आणि ती केबिनच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा जागी आकड्याला अडकवलेली असली पाहिजे. डबे दोराने बांधलेले असावेत. यांपैकी काहीही माशांच्या खणात ठेवायचे नाही, जागा कितीही कमी पडो. बर्फाजवळ थंडावा असतो, म्हणून अन्नाची बादली तिथे ठेवण्याचा मोह होतो, पण ज्या खणातून मासळी लिलावात जाते तिथे उष्टे आणि खरकटे जाता कामा नये.

आता माणूस. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ असे सांगितले की कोणीच लक्ष ठेवत नाही. प्रत्येक फेरीला एका खलाशाचे नाव ठरवा आणि ते फळ्यावर लिहा. त्याने रोज संध्याकाळी, जाळे टाकण्यापूर्वी, गोणीचे तोंड बांधलेले आहे का, डब्यांची झाकणे लागलेली आहेत का आणि डेकवर काही सुटे पडलेले नाही ना, एवढेच पाहायचे. हे काम सर्वांत नव्या पोराच्या गळ्यात मारण्याची पद्धत आहे. ती मला पसंत नाही, कारण जुन्या खलाशाला ‘ती पुडी उचल’ असे म्हणण्याचा धीर नव्या पोराला होत नाही. पहिली फेरी तांडेलाने स्वतःच्या नावावर घ्यावी, म्हणजे नंतर कोणी कुरकुर करत नाही.

का, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले

गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखे उभे सोडलेले जाळे, लावून नौका रात्रभर जाळ्याबरोबर वाहत असते. नौका वाहते तसाच तिच्यावरून टाकलेला कचराही त्याच प्रवाहात, तिच्या आजूबाजूलाच वाहत राहतो, ही साधी गोष्ट मला एका पहाटे कळली. जाळे ओढून झाले होते, इंजिन चालू करून आम्ही बंदराकडे वळलो, आणि थोड्याच वेळात इंजिन थंड करून बाजूने पडणारी पाण्याची धार करंगळीएवढी बारीक झाली. तापमानाचा काटा चढू लागला. इंजिन बंद केले. ज्या नौकांचे इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड होते, त्यांचे पाणी आत घेण्याचे तोंड बुडाला असते. एक खलाशी कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला आणि तिसऱ्या बुडीला पिठाची रिकामी पिशवी हातात घेऊन वर आला. तोंडावरच्या जाळीला ती ओल्या कातडीसारखी चिकटली होती. आदल्या रात्रीच्या भाकऱ्या त्याच पिठाच्या होत्या. पिशवीवरचा छाप आम्ही सगळ्यांनी ओळखला, आणि कोणीच काही बोलले नाही.

त्या दिवशी समुद्र शांत होता म्हणून हे निभावले. खडकाळ किनाऱ्याच्या जवळ, वारा किनाऱ्याकडे असताना इंजिन बंद पडले असते, तर हा लेख लिहायला मी असतो की नाही, सांगता येत नाही. कचरा टाकू नये याची कारणे सांगताना कासवे आणि मासे यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते आणि तेही खरेच आहे; पण नव्या खलाशाला मी आधी हे सांगतो.

तिसरी पायरी : चुलीजवळचे

गिलनेटवाल्या बऱ्याच नौका १२ सागरी मैलांच्या आतच फिरतात आणि नौकेवर अन्न दळण्याचे यंत्र नसते, त्यामुळे व्यवहारात नियम एवढाच उरतो की अन्नही बादलीत साठवायचे. वास येईल ही भीती रास्त आहे. उपाय असा की पातळ आणि घट्ट वेगळे ठेवायचे. पेज, कालवण यांचे पाणी बादलीत गेले की सगळे आंबते. ताटात उरणार नाही इतकेच शिजवणे हा उत्तम मार्ग. तरीही उरलेला घट्ट भाग बादलीत टाकून त्यावर मूठभर लाकडाचा भुसा किंवा राख पसरली, तर दोन-तीन दिवस त्रास होत नाही. बंदरात आल्यावर कांद्याच्या साली, अंड्यांची टरफले, नारळाचा चोथा हे सगळे माडाच्या आळ्यात जाऊ शकते. मासळीचे खत माडाला घालण्याची रीत तर किनाऱ्यावर जुनीच आहे. लांबच्या फेरीवर बारा मैलांच्या पलीकडे असाल, तर जीपीएसवर अंतर पाहून, नौका चालू असताना अन्न टाकता येते. टाकण्यापूर्वी बादलीत हात घालून तपासा: दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, मसाल्याच्या पाकिटाचा तुकडा, प्लास्टिकचा चमचा हे अन्नातच मिसळलेले असतात आणि तेवढ्याने ती बादली टाकण्याजोगी राहत नाही.

मासे तळलेले तेल वेगळ्या कॅनमध्ये परत आणा. नौकेवरच्या देवाच्या तसबिरीला वाहिलेली फुले आणि हार हा नाजूक विषय आहे, कारण निर्माल्य पाण्यात सोडण्यात आपली श्रद्धा असते. मी इतकेच सुचवतो की हाराचा नायलॉनचा दोरा, जरीचे धागे आणि प्लास्टिकची पाने काढून ठेवावीत, आणि फुलेही साठवून किनाऱ्यावर झाडाच्या मुळाशी घालावीत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करताना तो पिशवीतून काढूनच अर्पण करावा, हे खरे तर सांगावे लागू नये.

काचेची बाटली पाण्याने भरून बुडवण्याची एक जुनी सवय आहे. ‘तळाला गेली, आता कोणाला लागणार’ असे त्यामागचे म्हणणे असते. ट्रॉलरचे जाळे तळावरूनच ओढले जाते, हे म्हणणारा विसरतो. तीच बाटली फुटून मासळीच्या ढिगात वर येते आणि उकिडवे बसून कोळंबी निवडणाऱ्याच्या तळहातात शिरते. समुद्रावर खाऱ्या पाण्यात भिजणारी जखम लवकर भरत नाही. काच आणि पत्रा जाड डब्यातच.

आणि नौकेवर काहीही जाळू नका. डिझेल, दोर, फायबरचे अंग आणि वारा यांच्या सान्निध्यात आग ही सर्वांत मोठी आपत्ती आहे. शिवाय प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि त्याची राखही नियमाने समुद्रात टाकता येत नाही.

चौथी पायरी : जाळी

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण जेवणाखाण्याचा कचरा कोणाच्याही हातून होतो, पण जाळ्याचा कचरा फक्त आपल्याच धंद्यातून होतो.

फाटलेले जाळे नौकेवरच शिवले जाते. शिवणारा मांडी घालून बसतो, सुरीने फाटक्या कडा छाटतो, गाठ मारतो, दोरा तोडतो, पुढे सरकतो. प्रत्येक गाठीगणिक बोटाच्या पेराएवढा एक तुकडा खाली पडतो. संध्याकाळी डेक धुतला की हे सगळे तुकडे पाण्याबरोबर कठड्याखालच्या भोकांतून बाहेर जातात, आणि कोणालाही आपण काही टाकले असे वाटत नाही. उपाय सोपा आहे. शिवणाऱ्याने गुडघ्याजवळ एक घमेले ठेवावे आणि खाली जुनी ताडपत्री अंथरावी. डेक धुण्यापूर्वी ताडपत्री चारी कोपऱ्यांनी उचलून गोणीत झटकावी. पाणी जाण्याच्या भोकांना बारीक जाळी लावून घेतली तर चुकून राहिलेलेही अडकते, मात्र ती जाळी रोज साफ केली पाहिजे, नाहीतर डेकवर पाणी साचून राहील.

तंगुसाचे, म्हणजे एकपदरी नायलॉनचे, जाळे पाण्यात जवळपास दिसत नाही. मासे फसतात ते याच गुणामुळे, आणि हरवल्यावर ते घातक ठरते तेही याच गुणामुळे. सुटलेले जाळे थांबत नाही. मासा अडकतो, मरतो, त्याला खायला खेकडे आणि मोठे मासे येतात, तेही अडकतात, आणि या मासळीचा एक पैसाही कोणाच्या हाती पडत नाही. शिवाय असे जाळे दुसऱ्या नौकेच्या पंख्यात गुंडाळले गेले, तर तिची फेरी तिथेच संपते.

म्हणून जाळे हरवू नये यासाठी आधी काय करता येईल ते पाहावे. दोन्ही टोकांच्या बोयांवर, म्हणजे तरंगत्या खुणांवर, नौकेचा क्रमांक ठळक रंगवावा, रात्री दिसतील असे दिवे लावावेत, ट्रॉलर फिरतात त्या पट्ट्यात जाळे टाकण्याचे टाळावे आणि जुना, उन्हाने तडकलेला दोर ‘एवढी फेरी निभेल’ म्हणून वापरू नये. एवढे करूनही जाळे तुटले, तर त्या क्षणी जीपीएसवर खूण करून वेळ लिहून ठेवावी. शोधण्यासाठी विहिरीत पडलेला पोहरा काढायला टाकतात तसा चार आकड्यांचा लोखंडी गळ नौकेवर असावा. पाण्याची खोली किती वाव (खोली मोजण्याचे माप) आहे ते पाहून त्याच्या दुप्पट-तिप्पट दोर सोडून प्रवाहाला आडवे, सावकाश ओढत जावे. सापडले नाही, तर जवळच्या नौकांना वायरलेसवरून आणि बंदरात आल्यावर आपल्या मच्छीमार सहकारी सोसायटीला ती जागा कळवावी. जाळे हरवल्याचे सांगण्यात कमीपणा वाटतो हे मला ठाऊक आहे, पण न सांगण्याची किंमत तिथून पुढे जाणारा दुसरा तांडेल भरतो.

वाहत्या जाळ्यात कासव अडकलेले दिसले, तर ते जाळे कापावेच लागते. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे हवेत श्वास घेतात. पाण्याखाली अडकून पडली तर ती बुडून मरतात. कासवाला पायांना किंवा डोक्याला धरून ओढू नये, कवचाच्या दोन्ही कडांना धरून उचलावे आणि मानेभोवतीचा, परांभोवतीचा दोरा सुरीचे पाते बाहेरच्या बाजूला ठेवून तोडावा. आपल्या चालू जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि त्याला सोडवताना जाळे कापावे लागले, तर राज्याच्या वनविभागातील कांदळवन कक्षाकडून कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. त्यासाठी सुटकेची छायाचित्रे लागतात, तेव्हा एकाने कापावे आणि दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावे. कापलेले जाळे अर्थातच गोणीत.

थर्माकोलविषयी दोन शब्द. फुटलेला तरंगता ठोकळा किंवा बर्फाची पेटी सुरुवातीला एक वस्तू असते. दुसऱ्या दिवशी ती हजारो दाणे होते आणि ते दाणे गोळा करणे कोणालाही शक्य नाही. त्यामुळे तडा गेलेला थर्माकोल त्याच दिवशी गोणीत बांधा, आणि नवे बोये घेताना कठीण प्लास्टिकचे घ्या.

पाचवी पायरी : इंजिनघर

इंजिनाचे ऑइल शक्यतो बंदरातच बदलावे. काढलेले ऑइल, ज्या कॅनमधून नवे आले त्याच कॅनमध्ये भरून घट्ट झाकणाने परत आणावे. फिल्टर आणि तेलकट चिंध्या वेगळ्या डब्यात, आणि तो डबा गरम पाइपांपासून लांब ठेवावा. तळाशी साचणारे पाणी पंपाने बाहेर काढण्यापूर्वी त्यावर तेलाची साय आली आहे का, हे टॉर्चने पाहावे. असल्यास तेल शोषणारी गादी किंवा कापडात बांधलेल्या चिंध्यांचे गाठोडे त्यावर फिरवून तेल आधी टिपून घ्यावे. तळात साबणाची पूड टाकून पंप चालवण्याची युक्ती काही जण शिकवतील. तिने तेल नाहीसे होत नाही, फक्त पाण्यात मिसळून दिसेनासे होते. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी. तिच्यातले शिसे आणि आम्ल हे दोन्ही पाण्यासाठी वाईट आहेत.

जाळ्यात येणारा दुसऱ्यांचा कचरा

मासळीबरोबर जाळ्यात पिशव्या, चपला, बाटल्या, जुन्या जाळ्यांचे गुंते येतातच. निवडताना मासळी एका बाजूला आणि कचरा परत पाण्यात, ही आजवरची रीत. आपण टाकला नाही, तर आपण का न्यावा, हा खलाशाचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला रागावून उत्तर देऊ नये. उत्तर एवढेच की पुढच्या ओढीला तोच कचरा पुन्हा आपल्याच जाळ्यात येतो, तेवढी जागा अडवतो आणि मासळी चिरडतो. केरळमध्ये कोल्लमजवळच्या नीन्दकरा बंदरात २०१७ साली ‘शुचित्व सागरम्’ या नावाने मच्छीमारांनी जाळ्यात आलेले प्लास्टिक परत आणायला सुरुवात केली. बंदरावर ते धुऊन, वाळवून, तुकडे करून रस्त्याच्या डांबरात वापरले गेले. तिथे नौकांना पिशव्या दिल्या गेल्या आणि बंदरावर ते घेणारी माणसे होती. या दोन गोष्टी जिथे असतात तिथे खलाशी कचरा आणतात, असा माझाही अनुभव आहे.

आपल्या नौकेवर यासाठी एक वेगळी गोणी ठेवा. ती फेरीगणिक भरेल अशी अपेक्षा करू नका. जेवढे येईल तेवढे आणा.

सहावी पायरी : बंदरात

फेरीभर सांभाळलेली गोणी जेट्टीच्या कोपऱ्यात टाकून दिली, तर पहिल्याच उधाणाला ती पुन्हा पाण्यात जाते. त्यामुळे कचरा कुठे द्यायचा हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. अनेक लहान बंदरांत कचऱ्याची पेटी नसते, असली तरी ती वेळेवर उचलली जात नाही. अशा ठिकाणी दोन वाटा आहेत. एक म्हणजे नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची घंटागाडी. ती लिलावाच्या वेळी बंदरावर येत नसेल, तर चार-पाच मालकांनी मिळून, सोसायटीच्या पत्रावर, तिची वेळ बदलून घ्यावी. एकट्याचा अर्ज पडून राहतो, सोसायटीचा सहसा राहत नाही. दुसरी वाट म्हणजे भंगारवाला. नायलॉनची जाळी, प्लास्टिकचे दोर, बाटल्या, पत्रा आणि शिसे यांना भाव मिळतो, पण ते वेगवेगळे आणि कोरडे असतील तरच. शिसाचे मणी आणि बोये काढून घेतलेले जाळे आणि गुंता झालेले ओले जाळे यांच्या भावात चांगलाच फरक पडतो.

हे भंगाराचे पैसे मालकाने घेऊ नयेत. ते खलाशांत वाटावेत किंवा नौकेच्या चहाच्या खर्चाला लावावेत. रक्कम मोठी नसते, पण आपण उचललेल्या गोणीचे काहीतरी झाले हे त्यांना कळते, आणि पुढच्या फेरीला सांगावे लागत नाही.

मासळी साफ केल्यावरची आतडी आणि खवले बंदराच्या आत पाण्यात टाकू नका. खोल समुद्रात ते दुसऱ्या माशांचे अन्न असते. बंदराच्या साचलेल्या पाण्यात तेच कुजते, पाण्यातला प्राणवायू संपवते आणि घारी-कुत्र्यांचा त्रास वाढवते.

एक साधी वही ठेवा. तारीख, किती गोण्या उतरवल्या, कुठे दिल्या आणि काही हरवले असल्यास कुठे, एवढ्या चार नोंदी. मोठ्या जहाजांवर अशी नोंदवही कायद्यानेच ठेवावी लागते आणि प्लास्टिक, अन्न, स्वयंपाकाचे तेल, मासेमारीची साधने असे प्रत्येक प्रकाराला वेगळे अक्षर ठरलेले असते. कोकणातली कितीतरी मुले पुढे व्यापारी जहाजांवर जातात. ज्याने आपल्या गावच्या नौकेवर ही वही भरली आहे त्याला तिथे ती नवी वाटत नाही.

बंदीच्या दोन महिन्यांत

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. शाकारताना वापरलेले प्लास्टिकचे कागद आणि झापे घट्ट बांधा, नाहीतर पहिल्या वादळी पावसात त्यांच्या चिंध्या खाडीत जातात. याच काळात नौकेचे कानेकोपरे रिकामे करा: फळ्यांखालचे दोराचे तुकडे, इंजिनामागचे जुने फिल्टर, खणाच्या कडेला दबलेल्या पिशव्या. नौका पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी गोणीचे आकडे गंजले असतील तर बदला, डब्यांची झाकणे बसतात का पाहा, पाणी आत घेण्याच्या तोंडावरची जाळी घासून स्वच्छ करा, आणि हंगामातल्या पहिल्या फेरीसाठी फळ्यावर एक नाव लिहून ठेवा.